झिजलेलें नाणें आणि शेवटचा हात

घरांतील जुन्या वस्तूंची वांटणी झाली तेव्हां आमच्या वांट्यास दोन रुपये आले. दोन्ही १८६२ सालचे, व्हिक्टोरिया राणीच्या छापाचे. त्यांतील एक आजीनें जुन्या लुगड्याच्या चिंधींत बांधून पितळी डब्याच्या तळाशीं ठेविलेला होता. तो बाजारांत फारसा फिरलाच नसावा; राणीच्या मुकुटावरील बारीक नक्षी आणि कडेचे दांते अद्याप बोटास लागतात. दुसरा मात्र पुष्कळ हातांतून गेलेला. राणीचें नाक सपाट झालें आहे, केस कोठें संपतात आणि कपाळ कोठें सुरू होतें हें कळत नाहीं, आणि कड गुळगुळीत झाली आहे. कुतूहल म्हणून आम्ही दोन्ही रुपये ओळखीच्या सोनाराकडे नेले. काचेच्या पेटींतील कांट्यानें पहिल्याचें वजन ११.६५ ग्रॅम दाखविलें, दुसऱ्याचें ११.३१. सोनारानें पहिला उजवीकडे ठेविला, दुसरा डावीकडे सारला, आणि सहज म्हणाला, "याला बट्टा पडेल."

सोनाराचें बोलणें त्याच्या धंद्यास धरूनच होतें. त्यास चांदी घ्यावयाची होती, आणि चांदी कमी तर पैसे कमी, यांत अन्याय कसला? परंतु घरीं परततांना तो शब्द आमच्या मनांतून जाईना. बट्टा म्हणजे नाण्याच्या दर्शनी किंमतींतून कापून घेतलेली रक्कम. सराफाच्या पेढीवरचा हा शब्द आपल्या भाषेनें उचलून माणसाच्या नांवास लाविला. कुळाला बट्टा लागतो, अब्रूला बट्टा लागतो. म्हणजे नाण्याचें हलकेपण आणि माणसाचा कलंक यांस आपण एकच नांव दिलें. आतां या दोन रुपयांकडे पाहिलें तर दिसतें काय? जो डब्यांत निजून राहिला तो निष्कलंक. जो दीडशें वर्षांच्या अवधींत कोणाच्या मजुरीस, कोणाच्या औषधपाण्यास, कोणाच्या लग्नकार्यास उपयोगी पडला, त्यास बट्टा! ही वांटणी न्यायाची आहे काय, आणि तो जो एक तृतीयांश ग्रॅम वाटेंत कोठें तरी सांडला त्याची भरपाई कोणीं करावयाची, हा प्रश्न वाटतो तितका क्षुल्लक नाहीं. राज्यांनीं त्यावर कायदे केले, तत्त्ववेत्त्यांनीं त्यावर वाद घातले, आणि आपल्या घरांतूनही तो वेगळ्या वेषांत दररोज वावरत असतो.

प्रथम नाणें हलकें कां होतें तें पाहूं. १८३५ च्या कायद्यानें कंपनीच्या रुपयाचें वजन १८० ग्रेन ठरलें. त्यांत १६५ ग्रेन शुद्ध रुपें आणि १५ ग्रेन हिणकस. या वजनापेक्षां एखादें नाणें कमी भरण्याचीं कारणें तीन. पहिलें कारण जन्माचें. कोणतेंही यंत्र दोन चकत्या तंतोतंत सारख्या पाडीत नाहीं, म्हणून टांकसाळीचा कायदा थोडी सूट ठेवितो. इंग्रजी सॉव्हरिनचें ठरीव वजन सुमारें १२३.२७४ ग्रेन होतें, आणि १८७० च्या कायद्यानें त्यांत एक पंचमांश ग्रेनाचा फरक क्षम्य मानिला होता. दुसरें कारण झिजेचें. शुद्ध सोनें व शुद्ध रुपें हीं मऊ असतात. त्यांस कणखरपणा यावा म्हणून तांबें मिसळतात, तरी खिसा, गल्ला, तळहात आणि शेजारचीं नाणीं आपापला कण घेतच राहतात. कॅव्हेन्डिश आणि हॅचेट यांनीं सोन्याच्या झिजेविषयीं मुद्दाम प्रयोग केले. त्यांचा वृत्तान्त १८०३ सालीं प्रसिद्ध झाला. पुढें १८६८ सालीं जेव्हन्स या अर्थशास्त्रज्ञानें इंग्लंडांतील चालू नाणीं तपासून असा हिशेब मांडिला कीं सॉव्हरिन दर वर्षीं सुमारें ०.०४३ ग्रेन झिजतें, आणि सुमारें अठरा वर्षांत १२२.५ ग्रेन या कायदेशीर मर्यादेखालीं जातें. अर्ध्या सॉव्हरिनची स्थिति याहून वाईट होती. लहान नाण्यास वजनाच्या मानानें पृष्ठभाग अधिक, आणि तें हात बदलतेंही अधिक. जें गरिबाच्या नित्य कामाचें तें लवकर झिजावें, असा हा नियम आहे.

तिसरें कारण लबाडीचें. नाण्याची कड कातरीनें कातरून घेणें, पुष्कळ नाणीं चामड्याच्या पिशवींत घालून हलवीत राहणें आणि तळाशीं जमलेली पूड गोळा करणें, तेजाबांत बुडवून वरचा पापुद्रा उतरविणें, असे त्याचे प्रकार. कडेवर दांते किंवा अक्षरें पाडण्याची चाल पडली ती या कातरणाऱ्यांच्या भयानें. इंग्लंडांत १६६२ पासून यंत्रानें पाडलेल्या मोठ्या नाण्यांच्या कडेवर जें लॅटिन वचन असे त्याचा अर्थच 'भूषण आणि रक्षण' असा होता. परंतु दांते कातरीपासून रक्षण करितात, कालापासून नव्हे.

आतां दोन रुपये घ्या, दोन्ही पांच पांच ग्रेनांनीं हलके. एक हातोहात फिरून हलका झाला, दुसरा कोणीं तरी पिशवींत घोळून हलका केला. तराजूस दोन्ही सारखेच. नीतीच्या दृष्टीनें मात्र त्यांत जमीनअस्मानाचें अंतर आहे, आणि आपलें व्याकरण तें अंतर ओळखतें. झिजणें हें क्रियापद अकर्मक आहे, कातरणें सकर्मक. कातरलें म्हणतांच कोणीं, असा प्रश्न उभा राहतो. झिजलें म्हटल्यावर तसा प्रश्न कोणी विचारीत नाहीं. हिंदुस्थानच्या १९०६ च्या नाणेंविषयक कायद्यानेंही हा भेद मानिला होता. शेंकडा दोनपर्यंत घट आली तरी रुपया कायदेशीर चलन राहत असे. आणि त्यापुढें गेलेल्या नाण्याचा विचार करतांना वाजवी झीज कोणती व लबाडीची घट कोणती याची निवड करावी, असें त्याचें धोरण होतें. आमचा दुसरा रुपया शेंकडा तीन हलका, म्हणजे त्या कायद्यानें तो कधींच चलनांतून उठला.

परंतु या अकर्मक क्रियापदाच्या आड आपण सगळे लपतों, असें आम्हांस वाटतें. झीज आपोआप होत नाहीं. ती असंख्य हातांनीं मिळून, कोणाच्याही हेतूवांचून, केलेली कातर आहे. समजा, एक रुपया पांच हजार हातांतून गेला. प्रत्येक हातानें तो पूर्ण सोळा आण्यांस घेतला आणि पूर्ण सोळा आण्यांस दिला. जातां जातां प्रत्येकानें त्याचा एक अदृश्य कण ठेवून घेतला. कोणाचेंच नुकसान झालें नाहीं. मग पांच हजार एकाव्या हातीं तो असतां समोरचा मनुष्य तराजू काढतो, आणि आजवरची सगळी तूट त्या एकाच्या पदरांत पडते. त्यानें काय अपराध केला? इतकाच कीं तो शेवटचा होता.

कोणी म्हणेल, हा नशिबाचा खेळ आहे, त्यास न्यायअन्याय काय लावावयाचा? परंतु तो नशिबाचाही खेळ नव्हे. तराजू सर्वांपाशीं नसतो. तो सराफापाशीं असतो, सावकारापाशीं असतो, सरकारी खजिन्यांत असतो. ज्यास तराजूचें ज्ञान आहे तो जड नाणें वेचून ठेवितो आणि हलकें पुढें लोटतो. ज्यास तें नाहीं तो मिळेल तें घेतो. अशा रीतीनें हलकें नाणें उताराकडे वाहत जाऊन अखेर अडाणी व दुबळ्या माणसाच्या हातीं थांबतें. शेवटचा हात बहुधा गरिबाचा असतो, याचें कारण दैव नव्हे, उतार होय.

आपल्या देशाचा इतिहास याची साक्ष देतो. बंगाल्यांत अठराव्या शतकांत रुपयावर बादशहाच्या कारकीर्दीचें वर्ष छापीत. नव्या छापाचा तो सिक्का रुपया. एकदोन वर्षें लोटलीं कीं त्यास सनात म्हणत आणि त्यावर बट्टा बसे. मौज अशी कीं हा बट्टा प्रत्येक नाण्याच्या खऱ्या झिजेवर नव्हे, छापलेल्या वर्षावर बसे. नाणें झिजलें असेल असें गृहीत धरून सराफ आपला अंश आधींच कापून घेई. हा गोंधळ थांबविण्यासाठीं कंपनीनें शाह आलम बादशहाच्या एकोणिसाव्या वर्षाचा अंक प्रत्येक नव्या रुपयावर कायम ठेविला, आणि १७९३ च्या नियमानें तोच सिक्का प्रमाण ठरविला. म्हणजे रुपयाचें वय वाढूं नये म्हणून कालासच एका आंकड्यावर थोपवून धरावें लागलें! आपल्या महाराष्ट्रांतही अंकुशी, चांदवडी अशा नाना छापांचे रुपये चालत. न्यायमूर्ति रानडे यांनीं मराठी अमदानींतील नाणीं व टांकसाळी यांवर स्वतंत्र निबंध लिहिण्याइतका तो विषय विस्तृत आहे. इतके छाप, तितके भाव, आणि प्रत्येक भावास बट्टा. कुळानें धान्य विकून जो रुपया आणिला तो त्यानें पाडला नव्हता, झिजविला नव्हता, पारखिलाही नव्हता. तरी सारा भरतांना पारखी तो वाजवून पाही आणि बट्टा कुळाच्या माथीं बसे.

या प्रश्नाचा सर्वांत प्रसिद्ध वाद मात्र इंग्लंडांत झाला. सतराव्या शतकाच्या अखेरीस तेथील हातोड्यानें पाडलेलीं जुनीं रुप्याचीं नाणीं कातरून कातरून अर्ध्यावर आलीं होतीं. कातरणें हा राजद्रोह मानला जाई आणि त्यास देहान्त शिक्षा होती, तरी कातर थांबली नाहीं. सरकारी तपासणींत ५७,२०० पौंडांच्या नाण्यांचें वजन २,२०,००० औंसांवर भरावयास हवें होतें, तें १,१४,००० औंसही भरलें नाहीं. सगळें नवें पाडल्यावांचून गति नव्हती. प्रश्न इतकाच कीं नवें नाणें कोणत्या वजनाचें पाडावें? खजिन्याचे चिटणीस विल्यम लाउंड्स यांनीं १६९५ सालीं सुचविलें कीं जग बदललें आहे तर मापही बदला. नव्या नाण्यांत रुपें कमी घाला. तत्त्ववेत्ता जॉन लॉक यानें त्याविरुद्ध लेखणी उचलली. लॉकचें म्हणणें असें कीं माप म्हणजे वचन. ज्यानें अमुक पौंड देण्याचा करार केला त्यानें तितकें रुपें देण्याचा करार केला. राजानें माप लहान केलें तर तो प्रत्येक ऋणकोस आपल्या धनकोची कड कातरण्याची मुभा देतो.

लॉकचा पक्ष जिंकला. १६९६ सालीं जुन्या पूर्ण वजनानें नवीं नाणीं पडूं लागलीं. त्याच वर्षीं आयझॅक न्यूटन टांकसाळीवर अधिकारी म्हणून आला. मापापुरता लॉकचा युक्तिवाद आम्हांस बिनतोड वाटतो, जरी पुढें त्या जड रुपेरी नाण्यांपैकीं पुष्कळ वितळून परदेशीं गेलीं. परंतु लॉकनें दुसरीही गोष्ट सांगितली होती: कातरलेलें नाणें यापुढें वजनावर चालावें. याचा अर्थ, ज्याच्या हातीं तें असेल त्यानें तूट सोसावी. एवढें निष्ठुर होण्याचें पार्लमेंटास धैर्य झालें नाहीं. कातरलेलीं नाणीं ४ मे १६९६ पर्यंत करांच्या भरण्यांत पूर्ण किंमतीनें घेण्याचें ठरलें, आणि तूट भरून काढण्यासाठीं घरांच्या खिडक्यांवर कर बसविला. वरवर पाहतां हें न्याय्य दिसतें. तूट सर्वांनीं वांटून घेतली. पण ज्यास सरकारास कांहीं कर द्यावयाचाच नव्हता, त्या मजुरानें आपलीं चार कातरलेलीं नाणीं कोठें न्यावयाचीं? तो तीं मिळेल त्या भावानें विकून मोकळा झाला. भरपाईचें दार उघडलें होतें, पण त्या दाराशीं पोंचण्याची वाट श्रीमंतांच्या अंगणांतून जात होती.

जवळजवळ दोनशें वर्षांनंतर तेथेंच हा प्रश्न पुन्हां उभा राहिला, आणि या वेळीं कातर नव्हती, शुद्ध झीज होती. १८७० च्या कायद्यांत असें कलम होतें कीं मर्यादेहून हलकें सोन्याचें नाणें कोणी देऊं केलें तर घेणारानें तें कापावें किंवा मोडावें, आणि देणारानें तोटा सोसावा. शेवटच्या हाताचा न्याय याहून उघड शब्दांत क्वचितच लिहिला गेला असेल. परिणाम काय झाला? सामान्य व्यवहारांत कोणींच नाणीं कापलीं नाहींत. बँक ऑफ इंग्लंडमध्यें सोनें तोलून घेत, म्हणून जाणते लोक हलकें सोनें तिकडे नेतच नसत. तें बाजारांत फिरतें ठेवीत. तराजूपासून दूर राहणें हेंच शहाणपण ठरलें. सबंध देश जाणूनबुजून हलकें नाणें शेजाऱ्याच्या हातांत सरकवीत होता, आणि त्यांतील एकासही लबाड म्हणतां येत नव्हतें. अन्यायाचा कायदा माणसांस अन्यायी करीत नसला तरी भित्रे आणि आंधळे करितो, याचें हें उदाहरण आहे. शेवटीं १८८९ व १८९१ या सालच्या कायद्यांनीं मार्ग निघाला. जें नाणें केवळ झिजलें आहे, ज्याशीं कोणीं लबाडी केलेली नाहीं, तें सरकारानें पूर्ण किंमतीनें परत घ्यावें, तूट राष्ट्राची. १८९१ च्या कायद्यानें त्यासाठीं चार लक्ष पौंड तोडून दिले.

या सगळ्या इतिहासांतून आम्हांस जें तत्त्व दिसतें तें दोन कलमांचें आहे, आणि दोन्ही कलमें एकत्र धरल्यावांचून त्यास अर्थ नाहीं. पहिलें कलम: माप बदलूं नये. दुसरें: जी झीज सर्वांच्या सेवेंत झाली तिची तूट सर्वांनीं सोसावी. लाउंड्स पहिलें कलम विसरला. त्यानें झिजलेल्या नाण्याकडे पाहून मापच लहान करावें म्हटलें. लॉक दुसरें विसरला. त्यानें माप राखलें, पण तूट शेवटच्या हातावर टाकली. संसारांतही हे दोन प्रमाद नित्य दिसतात. एक मनुष्य म्हणतो, सगळेच हल्लीं थोडें खोटें बोलतात, तर खरेपणाचें मापच थोडें लहान करूं. दुसरा म्हणतो, माप तें माप. जो कमी भरला तो मेला. पहिला दयाळू दिसतो आणि सर्वांस बुडवितो. दुसरा न्यायी दिसतो आणि एकास बुडवितो.

मापाविषयीं येथें एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. आपल्याकडे तोळा आणि रुपया यांचें वजन एकच, १८० ग्रेन. म्हणून घरोघर रुपये टाकून जिन्नस तोलीत, आणि रुपयाभार हें एक वजनच होऊन बसलें. म्हणजे नाणें आपणच मापही झालें. झिजलेल्या रुपयानें तोलणारा वाणी गिऱ्हाइकास नकळत कमी माल देत असे. पॅरिसजवळ सेव्हर येथें १८८९ पासून जगाचा किलोग्रॅम म्हणून जो धातूचा ठोकळा जपून ठेविला होता, तोही या नियमास अपवाद ठरला नाहीं. त्याच्या आणि त्याच्या प्रतिकृतींच्या वजनांत शंभर वर्षांत सुमारें ५० मायक्रोग्रॅमचा फरक आढळला. आणि २० मे २०१९ पासून जगानें किलोग्रॅमची व्याख्या ठोकळ्यावरून काढून निसर्गाच्या एका स्थिर संख्येवर बसविली. धातूचें कोणतेंही माप धातूच्या धर्मास चुकत नाहीं. माप अढळ ठेवावयाचें तर तें एखाद्या झिजणाऱ्या वस्तूंत कोंडून चालत नाहीं. आणि माणसास माप मानणें, मग तो कितीही थोर असो, हें रुपयानें तोलण्यासारखेंच आहे.

आमच्या दुसऱ्या कलमावर आक्षेप येतील. तूट सर्वांनीं भरावयाची म्हटली कीं कातरणारांचें फावेल, असें कोणी म्हणेल. भय खरें आहे, परंतु उपाय परीक्षा हा आहे, सरसकट बट्टा हा नव्हे. बंगालच्या सराफानें वर्ष पाहून बट्टा कापला, नाणें पाहून नव्हे. ती परीक्षा नव्हे, आळस होय. वृद्धाकडे पाहून 'आतां याचें काय राहिलें' म्हणणारा तरुण हाच आळस करीत असतो. उलट, स्वतःच कातरलेलें चारित्र्य झिजलेलें म्हणून खपविणारेही पुष्कळ. ज्यानें लांच घेतली तो म्हणतो, कालमानानें झिजलों. त्यास विचारावें, तुझी कड गुळगुळीत आहे कीं तीवर कातरीची खूण आहे?

दुसरा आक्षेप असा कीं हा सगळा प्रश्न आतां मेला. आजचा रुपया पोलादाचा. त्याची किंमत त्याच्या धातूंत नाहीं, राज्याच्या शब्दांत आहे. तो झिजला तरी बाजारांत कोणी कांटा काढीत नाहीं. हें खरें आहे, आणि आमच्या मतास तें पोषकच आहे: नाण्याच्या बाबतींत जगानें आमचें दुसरें कलम अखेर पूर्णपणें मान्य केलें. खेद इतकाच कीं नाण्यास जो न्याय मिळाला तो माणसास मिळालेला नाहीं.

आमच्या घरीं चार वर्षें एक बाई भांडींधुणें करीत असत. मुलें त्यांस मावशी म्हणत. त्या आधीं व नंतर त्यांनीं आमच्याच गल्लींतील आठदहा घरीं तीसपस्तीस वर्षें काम केलें. आतां त्यांच्या बोटांचीं पेरें वांकडीं झालीं आहेत, डोळ्यांनीं नीट दिसत नाहीं, आणि त्या भावाच्या मुलाकडे राहतात. तो रिक्षा चालवितो. औषधांसाठीं कांहीं मदत मागण्यास मावशी गेल्या वर्षीं आमच्याकडे आल्या, तेव्हां आम्हीं हातावर थोडें ठेवून मनांत म्हटलें तें असें: आमच्याकडे तर त्यांनीं चारच वर्षें काम केलें. पुढें गल्लींत बोलणें निघालें तेव्हां कळलें कीं प्रत्येक घरानें मनांत हेंच म्हटलें होतें. कोणाकडे तीन वर्षें, कोणाकडे सहा. प्रत्येकानें महिन्याच्या महिन्यास ठरलेला पगार दिला, कोणीं फसविलें नाहीं; आणि प्रत्येकानें जातां जातां एक कण ठेवून घेतला. शेवटचा हात त्या रिक्षावाल्या पुतण्याचा. त्यानें त्यांच्याकडून एक भांडेंही घासून घेतलें नव्हतें, आणि पस्तीस वर्षांची तूट त्याच्या पदरांत पडली.

कारखान्यांतील कामगाराच्या बाबतींत कायद्यानें हा विचार थोडाबहुत केला आहे. कामावर झालेल्या इजेची भरपाई मालकानें द्यावी, हें तत्त्व आपल्या देशांत १९२३ च्या कायद्यानें आलें. भविष्यनिर्वाहनिधीचा कायदा १९५२ चा. पण हे कायदे मालक एक असेल तेथें सुलभ. जी बाई दहा घरीं झिजली तिचा मालक कोण? महाराष्ट्रानें घरेलू कामगारांच्या कल्याणासाठीं मंडळ स्थापण्याचा कायदा केला, त्याच्या नांवांत २००८ हें साल आहे. तेव्हां राज्यास हा प्रश्न दिसलाच नाहीं असें नाहीं. तथापि राज्याकडे बोट दाखवून गृहस्थ मोकळा होत नाहीं. खिडक्यांचा कर राजानें बसविला खरा, पण खिडक्या गृहस्थांच्याच होत्या.

आम्हीं काय केलें हें सांगणें संकोचाचें आहे, कारण तें फार थोडें आहे. जीं घरें अद्याप त्याच गल्लींत आहेत त्यांपैकीं पांचांनीं मिळून मावशींस दर महिन्यास कांहीं रक्कम द्यावी असें ठरलें. कोणाकडे किती वर्षें काम झालें याचा हिशेब न करितां सारखा वांटा. दोन घरांनीं नकार दिला, आणि त्यांचें म्हणणें आम्ही आज सुद्धां पूर्णपणें खोडूं शकत नाहीं: करारांत हें नव्हतें, असें तीं म्हणतात. खरेंच, करारांत नव्हतें. झीज कोणत्याच करारांत नसते. म्हणूनच ती नीतीचा विषय होते. करारांत असती तर कोर्टानें पाहून घेतलें असतें.

ते दोन रुपये आमच्या टेबलाच्या खणांत पडले आहेत. पहिल्याचा आम्ही धिक्कार करीत नाहीं. आजीनें तो अडीअडचणीसाठीं राखला असेल, आणि राखलेला पैसाही घरास धीर देतो. पण दोन्ही हातांत घेऊन पाहतां सोनाराचा तो शब्द आतां आम्हांस दुसऱ्या रुपयावर बसवावासा वाटत नाहीं. त्याच्या अंगचें जें उणें आहे तें त्याच्यापाशीं नाहीं. तें ज्यांच्या ज्यांच्या हातांतून तो गेला त्यांच्यापाशीं आहे. बट्टा असलाच तर तो तेथें शोधावा.